शिधापत्रिका जूनमध्ये आली, धान्य फेब्रुवारीत

शिधापत्रिका हातात पडली की पुढच्या महिन्यापासून धान्य सुरू होते, अशी माझी समजूत होती, आणि या समजुतीपायी आमच्या घराने आठ महिने विकतचे धान्य उधारीवर आणले. आमची केशरी शिधापत्रिका जून २०२२ मध्ये तयार झाली, आणि रास्त भाव दुकानातले पहिले धान्य घरात आले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. गेल्या दोन-तीन वर्षांत ग्रंथालयात येणाऱ्या काही जणींनी मला याबाबत विचारले. प्रत्येकीला सांगताना एखादी महत्त्वाची गोष्ट राहून जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात साहाय्यक म्हणून काम करते. तेव्हा मला महिन्याला ४,५०० रुपये मिळत असत. यजमान मालवाहू टेम्पो चालवायचे. जानेवारी २०२२ मध्ये टेम्पोला अपघात झाला, त्यांचा उजवा पाय मांडीत मोडला, आत सळई घालावी लागली आणि ब्रेकवर पाय ठेवण्याचे काम कायमचे सुटले. घरात आम्ही दोघे, सासूबाई, तेव्हा दहा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. गावाकडे दिरांच्या घरी आम्हा सर्वांची एक सामाईक केशरी शिधापत्रिका होती. महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा लागू झाला तेव्हा तिचा समावेश प्राधान्य कुटुंबांत, म्हणजे सवलतीच्या धान्याला पात्र ठरलेल्या कुटुंबांत, झाला नाही, त्यामुळे तिच्यावर धान्य मिळत नव्हते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून यजमानांची शस्त्रक्रिया झाली ती मात्र त्याच शिधापत्रिकेवर, आणि त्याबद्दल मी त्या जुन्या, कोपरे झिजलेल्या कागदाची ऋणी आहे.

वेगळी शिधापत्रिका काढायची तर आधी जुन्या शिधापत्रिकेवरून आमची नावे कमी करायला हवी होती. हे काम कागदावर सोपे आहे. नवीन शिधापत्रिकेसाठी नमुना १, नाव वाढवायला नमुना ८, नाव कमी करायला नमुना ९, पत्ता किंवा नावातली दुरुस्ती करायला नमुना १४ आणि हरवलेल्या शिधापत्रिकेच्या दुय्यम प्रतीसाठी नमुना १५, असे ठरलेले अर्ज असतात. घरात मात्र ते सोपे नव्हते. आमच्याकडे शिधापत्रिका वेगळी होणे म्हणजे चूल वेगळी होणे. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "कार्डावरनं नाव काढलं म्हंजी वाटणीच झाली की गं," एवढेच त्या म्हणत राहिल्या. शेवटी दीर स्वतः बसने आले, त्यांनी अर्जावर सही केली आणि आईच्या शेजारी बसून म्हणाले, "वहिनींनी कागद वेगळा केलाय आई, घर नाही केलं." माझ्या मते त्या दिवशी आमचे अर्धे काम झाले. पुढे कार्यालयात कोणी कितीही खेटे घालायला लावले तरी घरातून कोणी मला "कशाला ती कटकट" असे म्हटले नाही.

अन्नसुरक्षा कायद्यात एक तरतूद आहे, जी मला फार मोलाची वाटते. अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानली जाते. आमच्या घरी सातबाऱ्यावर आधी सासरे होते, मग दोघे मुलगे आले. घरपट्टी दिरांच्या नावावर, विजेचे बिल अजून सासऱ्यांच्या नावावर. सासूबाईंचे नाव सर्वांत वर असलेला घरातला पहिला कागद म्हणजे ही शिधापत्रिका. त्यांच्यासाठी स्टुडिओत जाऊन फोटो काढला, तेव्हा त्यांनी नऊवारीचा पदर दोनदा सारखा केला होता. शिधापत्रिका घरी आणल्यावर त्यांनी मला पहिल्या पानावरचे नाव मोठ्याने वाचायला लावले, मग नावाच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "ह्येच का?" मी हो म्हटले. त्यांनी बराच वेळ बोट उचलले नाही.

अर्जासोबत सर्वांची आधार कार्डे, भाडेकरार आणि विजेचे बिल, नाव कमी केल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि हमीपत्र जोडले. उत्पन्नाच्या दाखल्याजवळ थोडे थांबले पाहिजे. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे, आणि ती २०१३ साली ठरलेली आहे. आमचे गाव नगरपालिकेचे असल्यामुळे आम्हाला शहरी मर्यादा लागू झाली. माझे वर्षाचे मानधन ५४,००० रुपये, म्हणून आम्ही बसलो. हाच हिशेब उलटा करून पाहा. ५९,००० रुपये म्हणजे महिन्याला ४,९०० रुपयांच्या आसपास. नवरा-बायको दोघेही रोजंदारीवर जाणारे कोणतेही घर नेमाने काम मिळाले तर ही मर्यादा ओलांडते. यजमान धडधाकट असते आणि टेम्पो चालू असता, तर आम्ही खऱ्या आकड्यांवर अपात्र ठरलो असतो, आणि तरीही महिनाअखेरीला डाळीच्या डब्याचा तळ दिसायचा तो दिसलाच असता. ही मर्यादा वाढायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण आज ती माणसाला खरे उत्पन्न लिहिण्यापासून परावृत्त करते.

आता मुख्य गोष्ट. शिधापत्रिका मिळणे आणि अन्नसुरक्षा योजनेत समावेश होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला कोणीही आधी सांगितले नाही. जुलै २०२२ मध्ये पिशव्या घेऊन मी दुकानात गेले. दुकानदारांनी शिधापत्रिकेवरचा बारा अंकी क्रमांक यंत्रात घातला, दोन वेळा पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ताई, कार्ड बरोबर आहे, पण धान्याला तुमचं नाव नाही. तुम्ही योजनेत नाही." मी शिधापत्रिका पुन्हा उघडून दाखवली. त्यांनी त्यांच्याजवळची दुसऱ्या एकीची शिधापत्रिका उघडली आणि आतल्या पानावरचा 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का माझ्यासमोर धरला. माझ्या पानावर तो नव्हता. दोन्ही शिधापत्रिका केशरीच होत्या. रंगावरून धान्य मिळेल की नाही हे कळत नाही. शिक्का आणि संगणकावरची नोंद यांवरून कळते. नवीन शिधापत्रिका घेताना खिडकीवरच आतले पान उघडून पाहावे आणि "धान्य सुरू आहे का" हा प्रश्न तिथेच विचारावा, हे मी आता प्रत्येकीला सांगते.

पुरवठा शाखेत गेले तेव्हा उत्तर मिळाले, "इष्टांक शिल्लक नाही." हा शब्द मी प्रथमच ऐकला. घरी येऊन वाचले, विचारले, तेव्हा त्याचा अर्थ उलगडला. केंद्राने प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिली आहे. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी १६ हजार आहे, म्हणजे ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे माणसे वाढली, गावांची शहरे झाली, पण आकडा तिथेच राहिला. हाच आकडा पुढे जिल्ह्याला, तालुक्याला वाटून येतो, आणि तो भरला की नवा पात्र माणूस दाराबाहेर उभा राहतो. कोणाचा मृत्यू झाला, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली, कोणी नोकरीला लागून योजनेतून बाहेर पडले, आणि ती नावे प्रत्यक्षात कमी झाली, तरच जागा होते. कायदा पात्रतेची भाषा करतो आणि कारभार संख्येने चालतो. माझी सगळी तक्रार या एका जागेवर आहे. खिडकीवरच्या कारकुनांनी मला दोनदा फार तोडून उत्तर दिले हे खरे आहे, आणि मी ते विसरलेले नाही. पण त्यांच्यापुढचा आकडा त्यांनी ठरवलेला नव्हता हेही तितकेच खरे आहे.

ते महिने मला अजून आठवतात, कारण तो काळ प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेचा होता. एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात टप्प्याटप्प्याने नेहमीच्या पाच किलोंखेरीज आणखी पाच किलो धान्य माणशी मोफत मिळत होते. म्हणजे आमच्याच गल्लीत पाच माणसांच्या घरी ५० किलो धान्य येत होते, आणि तितक्याच माणसांच्या आमच्या घरी काहीही येत नव्हते. २०२२ च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' आला: रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर तेल, शंभर रुपयांत. शेजारच्या मावशींनी त्यातला वाटीभर रवा आणि साखर आणून दिली. मुलीने विचारले, "आपली पिशवी कधी येणार?" मी तिला "पुढच्या वर्षी" असे सांगितले, आणि त्या रात्री बसून तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला.

तोवरची माझी चूक ही, की मी चार महिने तोंडी विचारत होते. तोंडी विचारले की तोंडी उत्तर मिळते, आणि तोंडी नकाराविरुद्ध कुठेही दाद मागता येत नाही. या अर्जात मी शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक, पाचही जणांची नावे, उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक, यजमानांच्या अपंगत्वाची कागदपत्रे आणि एकच मागणी लिहिली: आमचा प्राधान्य कुटुंब योजनेत समावेश करावा, जागा नसेल तर तसे लेखी कळवावे आणि आमचे नाव प्रतीक्षेत कितव्या क्रमांकावर आहे तेही कळवावे. दोन प्रती नेल्या आणि एकीवर दिनांकासह पोच घेतली. पोच द्यायला आधी नकार आला. मी तिथेच बाकावर बसून राहिले, तासाभराने शिक्का मिळाला. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्यावर राज्य अन्न आयोग असतो. १९६७ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही तक्रार नोंदवता येते आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. मी डिसेंबरमध्ये तो क्रमांक फिरवला. जानेवारीच्या अखेरीला शिधापत्रिका घेऊन बोलावणे आले आणि आतल्या पानावर शिक्का बसला. फोनमुळे झाले, अर्जामुळे झाले, की त्या महिन्यात मयतांची नावे कमी झाल्यामुळे, हे मला कोणी सांगितले नाही.

फेब्रुवारीत दुकानात जाताना मी पर्समध्ये मोजून ६५ रुपये ठेवले होते. कायद्यातला दर तांदळाला किलोमागे तीन रुपये आणि गव्हाला दोन रुपये. पंधरा किलो तांदूळ आणि दहा किलो गहू धरून हा हिशेब मी आठ महिन्यांत अनेक वेळा केला होता. मोफत झाल्याची बातमी कानावर आली होती, पण ती आपल्याला लागू असेल असे वाटले नव्हते. दुकानदारांनी पैसे परत केले. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत झाले आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी ते तसेच राहणार आहे. हे पुन्हा सांगण्याचे कारण असे, की अजूनही काही ठिकाणी "गाडीभाडे" म्हणून दहा-वीस रुपये मागितले जातात आणि बायका ते देतात. ते देऊ नयेत. पावती मात्र प्रत्येक वेळी मागून घ्यावी. अंगठा लावल्यावर यंत्रातून जी पावती निघते तिच्यावर किती धान्य दिले याची नोंद असते, आणि आपल्या पिशवीचे वजन तिच्याशी जुळले पाहिजे. एका महिन्यात मला २५ ऐवजी २३ किलो मिळाले. मी पावती दाखवली, तेव्हा दुकानदार म्हणाले की पोतेच कमी भरते आणि वरून घट येते. त्यांचे म्हणणे अगदी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. त्या वेळी क्विंटलमागे दीडशे रुपये कमिशन त्यांना मिळत होते आणि त्यातच दुकानभाडे, हमालाची मजुरी सगळे भागवायचे होते. पण त्यांची घट त्यांनी गोदामाकडे मागायला हवी, आमच्या पिशवीतून नव्हे. मी एवढेच शांतपणे म्हटले आणि दोन किलो मिळाले. पुढे कधी कमी आले नाही.

दुकानातच मी एकदा दुसरी गोष्ट पाहिली. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला बीडकडची कुटुंबे येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत फडाशेजारी पाल ठोकून राहतात. त्यांतली एक बाई, कडेवर मूल, हातात शिधापत्रिका घेऊन रांगेत उभी होती. तिचा क्रम आला तेव्हा रांगेतलेच कोणी म्हणाले, "तुमचं गावाकडं घ्या की मावशी, इथं आमचंच पुरंना." ती काही न बोलता वळली. मी तिला थांबवले. राज्यातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून आपले धान्य घेता येते, आणि 'एक देश एक शिधापत्रिका' योजनेमुळे राज्याबाहेरही घेता येते. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात तर हे ऑगस्ट २०१९ पासूनच सुरू आहे. तिने घेतल्याने आमच्या वाट्याचे काही कमी होत नव्हते, कारण तिचे धान्य तिच्या नावावर येते. दुकानदारांना हे माहीत होते, त्यांनी यंत्र पुढे केले, तिचा अंगठा पहिल्याच वेळी लागला. तिने कुटुंबाचे निम्मे धान्य इथे घेतले आणि निम्मे गावी राहिलेल्या सासू-सासऱ्यांसाठी ठेवले, तशीही सोय आहे. गहू पदरात घेताना तिने मला विचारले, "ताई, हे दर महिन्याला करता येतं?" चार वर्षे ती हंगामाला येत होती आणि चार वर्षे विकतचे खात होती.

धान्य घरात आल्यावर त्याचे काय होते, हेही लिहायला हवे. माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम. एवढ्यावर माणूस जगत नाही, पण महिन्याचा सर्वांत मोठा खर्च निम्म्यावर येतो, आणि उरलेल्या पैशांत डाळ, तेल, मुलांचे दूध येते. आमचा भाग ज्वारीचा. सासूबाईंना भाकरी नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही, आणि दुकानातून येतात ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे, त्याचा दर तर फक्त एक रुपया ठेवलेला होता. सोलापुरात ज्वारी नियमित मिळाली तर किती बरे होईल, असे दर महिन्याला वाटते. गल्लीतून फिरणाऱ्या खरेदीदाराला काही जण तांदूळ विकतात आणि त्या पैशांची ज्वारी घेतात. शिधावाटपाचे धान्य विकणे हा गुन्हा आहे आणि मी ते कधी केले नाही. पण विकणाऱ्या प्रत्येकाला धान्याची गरजच नाही, असा जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. त्यांना भाकरी हवी असते. आम्ही तांदळाची धिरडी करतो, उडीद घालून इडलीचे पीठ भिजवतो, आणि उन्हाळ्यात गहू भिजवून चीक काढून कुरडया घालतो.

तांदळाबाबत एक गैरसमज आमच्याही घरात होता. पहिल्या महिन्यांत सासूबाई सुपात तांदूळ घेऊन बसायच्या आणि त्यातले काही दाणे वेचून बाजूला टाकायच्या. ते दाणे जरा पिवळसर, एकसारखे, साच्यातून काढल्यासारखे दिसायचे. "पलास्टिक हाय ह्यात," असे त्या म्हणायच्या, आणि शेजारीही तेच म्हणायचे. ते प्लास्टिक नसते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून त्याचे दाणे तयार करतात आणि साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. २०२४ पर्यंत रास्त भाव दुकानात येणारा सगळा तांदूळ असाच झाला होता. म्हणजे निवडून टाकलेल्या त्या मूठभर दाण्यांतच तर जास्तीचे पोषण होते. मी ते दाणे बशीत घेतले, पाणी घालून शिजवले आणि त्यांच्यासमोर चुरडून दाखवले. त्यांचा विश्वास बसायला आणखी दोन महिने गेले. आता त्या फक्त खडे वेचतात.

गेल्या वर्षी सर्वांच्या आधार पडताळणीचा, म्हणजे ई-केवायसीचा, प्रश्न आला. दर महिन्याचे धान्य घ्यायला घरातल्या कोणाही एकाचा अंगठा चालतो, म्हणून आजवर माझाच लागत होता. पडताळणीला मात्र प्रत्येकाने स्वतः जायचे होते. आमच्या घरात दोन अडचणी निघाल्या. मुलीचे आधार तिसऱ्या वर्षी काढलेले. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेतच नाहीत, ते पाचव्या वर्षानंतर नव्याने नोंदवावे लागतात, आणि ते राहून गेले होते. यंत्रापाशी तिची इवलीशी बोटे कितीही दाबली तरी जुळायला मागे ठसाच नव्हता. आधी आधार केंद्रात ठसे नोंदवले, मग पडताळणी झाली. लहान मुले असलेल्यांनी हे आधीच करून ठेवावे.

दुसरी अडचण सासूबाईंची. आयुष्यभर खुरपे, सारवण, भांडी आणि चुलीतली राख यांनी त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या आहेत. दहाही बोटे लावून झाली. दुकानदारांनी ओल्या फडक्याने बोटे पुसून पाहिली, मी खोबरेल लावून पुसले, दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासण्याआधी नेले. यंत्र दर वेळी नकार देत होते आणि त्या दर वेळी आपल्या तळहाताकडे पाहत होत्या. "म्याच हाय की वो," असे त्या शेवटी दुकानदारांना म्हणाल्या, आणि तेही क्षणभर काही बोलू शकले नाहीत. ज्यांच्या नावाने शिधापत्रिका आहे त्याच त्या यंत्राला ओळखू येत नव्हत्या. पंधरा दिवसांनी डोळा पाहणाऱ्या यंत्रावर त्यांची पडताळणी झाली. चेहरा दाखवून मोबाइलवरूनही ती करण्याची सोय आहे, हे मला नंतर कळले. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा कष्टकरी माणसे आहेत त्यांनी अंगठा लागत नाही म्हणून परत येऊ नये. डोळा किंवा चेहरा यांचा पर्याय मागावा, आणि नकार आला तर तो लेखी मागावा.

गेल्या दिवाळीपासून यजमान एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसून काम करू लागले आहेत. सुरुवातीचे महिने कधी तीन हजार, कधी चार. आता काम नेमाने मिळू लागले आहे, आणि माझा हिशेब सांगतो की या मार्चअखेर आमचे वर्षाचे उत्पन्न ५९,००० च्या वर जाईल. योजनेतून बाहेर पडण्याचा अर्ज मी आणून ठेवला आहे. सासूबाई म्हणतात, "त्याचं बूड बसू दे आधी, मग बघ." त्यांचे चूक नाही, पाय दुखला की चार दिवस दुकान बुडते, आणि एकदा कमी झालेले नाव पुन्हा चढायला किती महिने लागतात ते मी पाहिलेले आहे. पण आमची पाच नावे चढली ती कोणाची तरी पाच नावे उतरल्यावर. पुरवठा शाखेच्या बाकावर माझ्याशेजारी दोनदा बसलेली एक बाई अजून तिथे येते, तिच्या शिधापत्रिकेच्या आतल्या पानावर अजून शिक्का नाही. मार्चचा उत्पन्नाचा दाखला हातात आला की अर्ज द्यायचा, असे यजमानांनी आणि मी ठरवले आहे. तोवर तो शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या वेष्टनातच आहे, सासूबाईंच्या नावाच्या पानामागे.